मामाची गोष्ट डॉक्टरांना सांगाच

पत्र:

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. पहिले सात-आठ महिने अगदी ठणठणीत होता, साधी सर्दीसुद्धा झाली नाही. मग मात्र आजारपण पाचवीला पुजल्यासारखं मागे लागलं. कान किती वेळा फुटला, याचा हिशेब ठेवणंच मी सोडून दिलं. गेल्या वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होतो, अँटिबायोटिक शिरेतून द्यावं लागलं. घरी आल्यावर नेहमीच्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते बराच वेळ टॉर्च लावून घशात बघत राहिले. मग मानेला, काखेत, जांघेत बोटांनी चाचपलं आणि काही न बोलता चिठ्ठी लिहायला घेतली. लहान मुलांचे संसर्गरोग आणि प्रतिकारशक्तीचे आजार बघणाऱ्या तज्ज्ञांकडे जा म्हणाले. तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली आहे.

सासूबाई म्हणतात, डॉक्टरांनी हात टेकले. मुलाच्या बाबांना कुणीतरी सांगितलं की तिथे एचआयव्हीची तपासणी करतात, तेव्हापासून ते यायलाच तयार नाहीत. प्रतिकारशक्ती वाढवणारी दोन सिरपं चालू आहेत. खरंच जायची गरज आहे का? लहान मुलं आजारी पडतातच ना? त्याला शाळेतून काढू का? पुढच्या लसी थांबवू का? अंगावरचं दूध मी दहा महिनेच पाजलं, त्यामुळे हे झालं का?

ता. क. माझ्या जन्माआधी मला एक भाऊ होता. दीड वर्षाचा असताना छाती भरून गेला. आई त्याबद्दल बोलत नाही आणि सासरी मी हे कधीच सांगितलेलं नाही. धाकट्या बहिणीला सातवा महिना आहे, तिला तर मुळीच सांगणार नाही, उगाच घाबरेल. याचा इथे काही संबंध नसेल, पण लिहावंसं वाटलं.

– एक आई

उत्तर:

ताई,

ता. क. म्हणून तुम्ही जे लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. संबंध नसेल असं तुम्हाला वाटलं. मला वाटतं, असू शकेल, आणि बराच असू शकेल. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: हो, जा. त्या दिवशी मुलगा हसत-खेळत असला तरी जा. आणि आत जाऊन बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या भावाबद्दल सांगा. कान, ताप, न्यूमोनिया हे सगळं डॉक्टर विचारतीलच. भावाबद्दल तुम्ही गप्प राहिलात, तर तो कुठल्याही रिपोर्टात दिसणार नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तीसेक वर्षं मुलं तपासते आहे, पण या विषयातली तज्ज्ञ नाही; तुमच्या डॉक्टरांसारखी चिठ्ठी लिहून पाठवणाऱ्यांपैकी आहे. म्हणूनच सासूबाईंच्या शंकेला मी उत्तर देऊ शकते. हात टेकलेला डॉक्टर चिठ्ठी लिहीत नाही, तो पुन्हा एकदा अँटिबायोटिक बदलून देतो. तुमच्या डॉक्टरांनी बाटली बदलायच्या ऐवजी टॉर्च उचलला. ते घशात टॉन्सिल शोधत होते, असा माझा अंदाज आहे. टॉन्सिल म्हणजे बऱ्याच अंशी बी पेशींनी भरलेला गोळा. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, याच पेशींमुळे तयार होतात. साडेतीन वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल चांगले टपोरे असतात, आणि ज्याचा कान सारखा फुटतो त्याचे तर असायलाच हवेत. मानेच्या गाठीही बोटांना लागायला हव्यात. इतक्या वेळा आजारी पडलेल्या मुलाचा घसा अगदी मोकळा दिसला आणि गाठी हाताला लागल्याच नाहीत, तर अनुभवी डॉक्टर थबकतो. त्यांना नेमकं काय दिसलं, हे त्यांना फोन करून सरळ विचारा. चिठ्ठीत काय लिहिलंय तेही वाचून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

लहान मुलं आजारी पडतातच, हे मात्र खरं आहे. बाहेरच्या मुलांत मिसळायला लागलेल्या लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं यात काही वावगं नाही, आणि प्रत्येक वेळी तो आठ-दहा दिवस टिकतो. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने नाक वाहणारच. असं मूल मधल्या काळात खातं, खेळतं, वजन धरतं. मला काळजी वाटते ती वेगळ्या प्रकारच्या आजारपणाची. जेफ्री मॉडेल फाउंडेशन नावाची एक संस्था आहे. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजाराने आपला पंधरा वर्षांचा मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी ती १९८७ मध्ये सुरू केली. त्यांनी तज्ज्ञांच्या मदतीने धोक्याच्या दहा खुणांची यादी केली आणि ती आता जगभरच्या दवाखान्यांच्या भिंतींवर असते. वर्षात चार किंवा जास्त वेळा कानाचा नवा संसर्ग, वर्षात दोन किंवा जास्त न्यूमोनिया, संसर्ग हटवण्यासाठी शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागणं आणि घराण्यात असा आजार असणं या त्यातल्या चार. तुमच्या पत्रात पहिल्या तीन जवळजवळ आहेतच, आणि चौथी तुम्ही ता. क. मध्ये लपवली आहे.

आता ते पहिले सात-आठ महिने. तुम्ही ते सहज लिहिलंत, पण त्यांनाही अर्थ आहे. बाळ स्वतःची प्रतिपिंडं हळूहळू बनवायला लागतं. तोवर त्याचं काम आईच्या शिदोरीवर चालतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. दर तीन आठवड्यांनी ती साधारण निम्मी होत जातात आणि सहा-सात महिन्यांत संपत येतात. ज्या बाळाला स्वतःची प्रतिपिंडं बनवता येत नाहीत, ते तोवर गुटगुटीत असतं आणि नंतर एकामागून एक आजार सुरू होतात. म्हणून तुमचं दूध कमी पडलं का, हा प्रश्न मनातून काढून टाका. दहा महिने म्हणजे भरपूर पाजलंत. शिवाय अंगावरच्या दुधातली प्रतिपिंडं मुख्यतः बाळाच्या आतड्यात काम करतात, रक्तात ती फारशी उतरत नाहीत. त्या सात महिन्यांत तो ठणठणीत राहिला, तो बहुधा तुम्ही पोटातच त्याला दिलेल्या प्रतिपिंडांमुळे.

पत्र वाचून निदान करायचा मला अधिकार नाही. तरी एक जुनी केस सांगते, कारण ती कळली तर तज्ज्ञ काय शोधणार आहेत हे तुम्हाला समजेल. १९५२ मध्ये ओग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. चार वर्षांत त्या मुलाच्या रक्तात १९ वेळा जंतुसंसर्ग पसरला होता. दर वेळी औषध दिलं की बरा व्हायचा आणि काही दिवसांनी पुन्हा तापाने फणफणायचा. ब्रूटन यांनी त्याच्या रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहिली, तर प्रतिपिंडं ज्यात असतात तो गॅमा ग्लोब्युलिनचा भागच नव्हता. मग दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन ते त्याला दर महिन्याला टोचू लागले, आणि ती रक्तातली दुखणी थांबली. या आजारामागचा जनुक १९९३ मध्ये सापडला. ब्रूटन यांच्याच नावाने ओळखला जाणारा तो जनुक एक्स गुणसूत्रावर असतो.

हे एक्स गुणसूत्र म्हणजेच मी मामाची एवढी चौकशी का करते आहे, याचं उत्तर. बाईकडे दोन एक्स असतात. एकात दोष असला तरी दुसरा काम भागवतो आणि ती स्वतः निरोगी राहते. मुलग्याकडे एकच एक्स असतो, तो आईकडून आलेला. दोषाचा एक्स वाट्याला आला तर सांभाळून घ्यायला दुसरा नसतो. त्यामुळे असे आजार आजी आणि आई यांच्यातून काहीही न दिसता पुढे सरकतात, आणि कुणाच्या भावात तर कुणाच्या मुलात उमटतात. फक्त ब्रूटन यांचाच आजार असा आहे असं नाही. ज्यात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत, तो क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजारही बहुतेक मुलांमध्ये याच वाटेने येतो. सगळ्यात गंभीर प्रकारात, ज्याला स्किड म्हणतात, प्रतिकारशक्तीच्या दोन्ही बाजू, म्हणजे प्रतिपिंडांची आणि विषाणू-बुरशीशी लढणाऱ्या टी पेशींची, कोलमडलेल्या असतात. त्याचाही एक मोठा गट एक्सवरचाच. १९६८ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे रॉबर्ट गुड यांच्या चमूने स्किड असलेल्या पाच महिन्यांच्या मुलावर अस्थिमज्जेचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. मज्जा त्याच्या बहिणीची होती. त्या बाळाच्या आईकडच्या नात्यातले अनेक मुलगे तान्हेपणीच गेले होते, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच या बाळाकडे वेळेत लक्ष गेलं.

हे वाचून तुम्ही स्वतःलाच दोष द्यायला लागाल, हे मला इथे बसून दिसतंय. तसं करू नका. कुठला एक्स कुणाच्या वाट्याला जाईल, हे कुणाच्या हातात नसतं. आणि असा आजार असलेल्या बऱ्याच मुलांच्या घराण्यात आधी कुणालाच काही झालेलं नसतं, बदल त्यांच्यातच किंवा त्यांच्या आईत नव्याने झालेला असतो. तुमचा भाऊ साध्या न्यूमोनियाने गेला असण्याचीही शक्यता आहेच. तेव्हा मुलं त्याने जायची, आजही जातात. पण हे ठरवणं तज्ज्ञांचं काम आहे, तुमचं सांगण्याचं.

आता मुलाच्या बाबांबद्दल. त्यांना हा भाग वाचायला द्या. एचआयव्हीची तपासणी होईल, बहुधा होईलच. प्रतिकारशक्ती कमी असण्याच्या कारणांपैकी ते एक कारण आहे, त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते नाही हे आधी कागदावर आणावं लागतं. जसा न्यूमोनियात एक्स-रे काढतात, तशीच ही तपासणी. ती मागणारा डॉक्टर तुमच्या संसाराबद्दल कुठलाही निष्कर्ष काढत नसतो. जन्मजात दोष आणि एचआयव्ही या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मजात दोष कुणाला लागत नाही, ताटावरून नाही, मिठी मारल्याने नाही. आजवर असे ५०० हून अधिक आजार ओळखले गेले आहेत. त्यांतले कित्येक सौम्य असतात आणि काहींचं तर आयुष्यभर कुणाला कळतही नाही. बाबांनी यायला हवं, त्याचं आणखी एक कारण आहे. तिथे एका दिवसात इतकं काही सांगितलं जातं, की एका माणसाच्या डोक्यात ते मावत नाही.

या तज्ज्ञांकडची पहिली भेट लांबलचक असते. आधी ते बराच वेळ फक्त विचारतात. नाळ कधी पडली, हेसुद्धा विचारतील, कारण पांढऱ्या पेशींच्या एका दुर्मिळ दोषात ती महिना-महिना पडत नाही. तोंडात पांढरा थर राहायचा का, जुलाब लांबायचे का, गळू व्हायचे का, लस दिलेली जागा चिघळली होती का. जंतू कोणता आणि तो शरीरात कुठे गेला, यावरून ते कोणती फळी कच्ची आहे याचा अंदाज बांधतात. प्रतिपिंडं कमी असतील तर कान, सायनस आणि छाती धरते. पांढऱ्या पेशी जंतू मारत नसतील तर यकृतात किंवा गाठींत पू होतो. टी पेशी नसतील तर तान्हेपणीच बुरशी आणि विषाणू गाठतात. म्हणून हॉस्पिटलात रक्ताचं किंवा पुवाचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं असेल तर तो कागद न्याच. दोन्ही न्यूमोनियांचे एक्स-रेही न्या, फक्त रिपोर्ट नको. दोन्ही वेळा फुप्फुसाच्या एकाच कोपऱ्यात डाग असेल, तर तिथलंच काही कारण असू शकतं, अगदी श्वासनलिकेत अडकलेली एखादी छोटी वस्तूसुद्धा. जागा वेगवेगळ्या असतील तर संशय प्रतिकारशक्तीकडे वळतो.

एक्स-रेंबद्दल इतकं बजावून सांगते, त्याला कारण आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगा माझ्याकडे यायचा. प्रत्येक वेळी कान, प्रत्येक वेळी खोकला. त्याची आई दर खेपेला एक कापडी पिशवी घेऊन यायची आणि ती मांडीवर धरून बसायची. मी कधी विचारलं नाही त्यात काय आहे. बाहेर रांग असायची, मी तपासायची, लिहायची, पुढचा नंबर. जवळजवळ वर्षानंतर माझ्या सुट्टीत दुसऱ्या डॉक्टरांनी ती पिशवी उघडायला लावली. आत तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडचे केस पेपर होते, चार एक्स-रे होते, आणि माझ्याच अक्षरातल्या सहा चिठ्ठ्या, सहाही वेळा तेच औषध. मुलाच्या रक्तात प्रतिपिंडं नव्हती. नंतर त्याच्यावर नीट उपचार झाले, पण एका फुप्फुसाचा खालचा भाग तोवर कायमचा खराब झाला होता. श्वासनलिका एकदा रुंदावून सैल पडल्या की बहुधा पूर्ववत होत नाहीत. त्या आईने मला कधी बोल लावला नाही. तेव्हापासून कुणाच्या मांडीवर पिशवी दिसली की मी ती आधी टेबलावर मागून घेते. तुमची पिशवी तुम्हीच टेबलावर ठेवा, कुणी विचारायची वाट बघू नका.

रक्ताच्या पहिल्या तपासण्या तशा साध्या असतात. एक म्हणजे पांढऱ्या पेशींची मोजणी, प्रकारांसह. दुसरी प्रतिपिंडांची पातळी: आयजीजी, आयजीए, आयजीएम. रिपोर्ट हातात आला की शेजारी छापलेल्या ‘नॉर्मल’ आकड्यांवर विसंबू नका, पुष्कळदा ते मोठ्या माणसांचे असतात. तान्ह्या बाळाच्या लिम्फोसाइट पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार; बी आणि टी पेशी यातच येतात) २००० आल्या तर मोठ्यांच्या हिशेबात ते उत्तम, पण बाळासाठी धोक्याची घंटा. उलट लहान मुलाचं आयजीजी मोठ्यांपेक्षा कमी असणं साहजिक असतं. वयाप्रमाणे वाचायला शिकलेला माणूस लागतो, म्हणून तर तुम्हाला पाठवलं आहे. पुढची तपासणी मला फार आवडते. धनुर्वात आणि घटसर्पाची लस तुमच्या मुलाला दिलेली आहे; त्याविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार झाली का, हे मोजतात. लस म्हणजे शरीराला विचारलेला प्रश्न, आणि शरीराने काय उत्तर दिलं ते बघायचं. म्हणून लसीकरणाचं कार्ड तारखांसकट न्या. मग गरज पडली तर बी आणि टी पेशी वेगवेगळ्या मोजतात आणि शेवटी जनुकांची तपासणी होते. तिचा निकाल यायला आठवडे लागतात. कधी कधी उत्तर येतं की बदल सापडला, पण त्याचा अर्थ आज सांगता येत नाही. तसं आलं तर खचू नका.

एक सूचना आत्ताच मनात ठेवा. मधल्या काळात पुन्हा दाखल व्हायची वेळ आली आणि कुणी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, देऊ म्हणालं, तर तपासणीचं रक्त आधी काढून ठेवायला सांगा. ते दिल्यावर मोजलेली प्रतिपिंडं त्याची स्वतःची की बाटलीतली, हे नंतर कळत नाही.

लसींबद्दल. स्वतःच्या मनाने सगळ्या थांबवू नका, हे आधी सांगते. ज्यात जिवंत जंतू नसतात अशा लसींनी या मुलांना अपाय होत नाही; फार तर उपयोग कमी होतो. प्रश्न जिवंत लसींचा आहे. तोंडातून देतात ती पोलिओची, बीसीजी, रोटाव्हायरस, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या या सगळ्यांत सौम्य केलेले जिवंत जंतू असतात. निरोगी मुलांना त्या सुरक्षित आहेत आणि द्यायलाच हव्यात. प्रतिपिंडं नसलेल्या मुलाला पोलिओच्या जिवंत डोसाचा त्रास होऊ शकतो. तेव्हा या तीन आठवड्यांत यांपैकी एखादी देय असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून भेटीपर्यंत पुढे ढकला. तुम्ही मोठ्यांनी मात्र तुमच्या लसी घ्या. घरातली माणसं फ्लू घरात आणत नाहीत, हेही त्याचं एक कवच आहे.

सिरपं बंद करा, एवढंच म्हणेन. ज्या पेशी जन्मापासून तयारच होत नाहीत, त्या कुठल्याही सिरपाने वाढत नाहीत, आणि ज्याच्या पेशी ठीक आहेत त्याला सिरपाची गरज नाही. उरलेलं अँटिबायोटिकही घरच्या घरी चालू करू नका. पण ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर गेला, श्वास जलद झाला, किंवा मूल मलूल वाटलं, तर त्याच दिवशी दाखवा, सकाळची वाट बघू नका. हॉस्पिटलात तुमच्या डॉक्टरांनी तज्ज्ञांसाठी दिलेली चिठ्ठी दाखवा. आणि तज्ज्ञांकडे फोन करून कळवा की मुलगा आजारी पडला आहे. अशा वेळी भेट बहुधा अलीकडे आणतात.

शाळा? मी असते तर साथ जोरात असेल तेवढे दिवस घरी ठेवलं असतं, कायमचं काढलं नसतं. निदान होण्याआधीच त्याचं बालपण चार भिंतींत कोंडू नका. निदान झालं तरी बहुतेक वेळा कोंडावं लागत नाही. प्रतिपिंडांचाच प्रश्न असेल तर ती बाहेरून देता येतात: हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन तीन-चार आठवड्यांनी शिरेतून, किंवा साधारण आठवड्याला कातडीखालून. काही घरांत आई-बाबाच ते द्यायला शिकतात. शिरेतून देताना पहिल्या काही वेळा डोकं दुखतं, अंग कसकसतं. वेग कमी केला की बहुधा थांबतं. हे आयुष्यभर घ्यावं लागतं, त्यात सूट नाही. पण अशी मुलं खुर्चीत बसून एका हाताला नळी आणि दुसऱ्या हाताने चित्रं रंगवत असतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जातात. लवकर सुरू झालं तर फुप्फुसं वाचतात. तुम्हाला ‘गरज आहे का’ या प्रश्नावर इतक्या ठामपणे हो म्हटलं, ते यासाठी.

आणि तपासून सगळं ठीकही निघू शकतं. अशा तज्ज्ञांकडे पाठवलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांची प्रतिकारशक्ती उत्तम असते. कुणाला अ‍ॅलर्जी असते, कुणाच्या नाकामागचं अ‍ॅडिनॉइड वाढलेलं असतं. तसं झालं तर ती फेरी फुकट गेली असं समजू नका. तीन वर्षांचा घोर मिटेल.

आता तुमची बहीण. तिला सांगायचं नाही हा तुमचा निर्णय मायेपोटी आहे हे कळतं, पण इथे मी तुमच्याशी सहमत नाही. तुमच्या आईकडून दोष आला असेल, तर तो तुमच्याकडे जसा आला तसा बहिणीकडे येण्याची शक्यता निम्मी. तिच्याकडे असेल आणि मुलगा झाला, तर त्याच्याकडे जाण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे बाळाला काही असेलच असं अजिबात नाही. पण मुलगा झाला तर जन्मल्यावर थोड्याशा रक्तात बी पेशी मोजून घेता येतात, आणि जिवंत लसी तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवता येतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत जे साडेतीन वर्षांनी होतंय, ते तिच्या बाळाच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात होऊ शकतं. घाईने आजच फोन करायला नको. सातवा महिना आहे, वेळ आहे. तुम्ही आधी तज्ज्ञांना भेटा, बहिणीला काय आणि किती सांगायचं हे त्यांनाच विचारा, आणि मग तिच्या शेजारी बसून सांगा. बाळंतपणाच्या आत मात्र नक्की.

राहिली तुमची आई. तिला विचारणं सगळ्यात अवघड जाईल. तुमचा मुलगा आजारी आहे आणि डॉक्टरांना मदत होईल, असं सांगून विचारा. मग कदाचित ती बोलेल. तो कितव्या महिन्यापासून आजारी पडायला लागला, त्याचे कान फुटायचे का, अंगावर गळवं यायची का, आजीच्या बाजूला आणखी कुणाचा मुलगा असा गेला होता का. ती थांबली तर तुम्हीही थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

तज्ज्ञ कागदावर घराण्याचा नकाशा काढतील. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, गेलेल्या माणसाच्या चिन्हावर एक तिरकी रेघ. तुमच्या गोलाच्या ओळीत, बहिणीच्या गोलाशेजारी तो चौकोन आपोआप येणार नाही, तुम्ही म्हणालात तरच ते काढतील. खाली वय लिहितात. आईला नक्की विचारून जा, दीड वर्ष की त्याहून थोडं जास्त.